'ऊस, पा' आणि पाऊस: टीव्हीवरच्या शब्दकोड्यांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात अक्षरं जुळवायच्या खेळांवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. सगळ्यांना जागा देता आली नाही, पण बहुतेकांचा प्रश्न फिरून फिरून एकच होता, टीव्हीवर शब्दांचं कोडं घालायचं तर ते किती अवघड असावं. पाच पत्रं निवडलीत.

प्रश्न: ताई नमस्कार. मी रिटायर झालेला मराठीचा शिक्षक, सांगली जिल्ह्यातला. रोज रात्री जेवणं झाली की नातवाला घेऊन टीव्हीवरचे शब्दांचे खेळ बघतो. परवा एका कार्यक्रमात 'साखर' आलं, पाचवीतल्या नातवानं अक्षरं स्क्रीनवर येता येताच सांगितलं. आणि लगेच पुढचं कोडं 'उष्णीष'. मी ३४ वर्षं मराठी शिकवलं, मला जमलं नाही, नातू तर उठूनच गेला. असं का करतात? कोडं किती अवघड असावं याला काही माप आहे की नाही?

सर, नातू उठून गेला ना, तिथंच निम्मं उत्तर आहे बघा. उष्णीष म्हणजे पागोटं. संस्कृतातून आलेला शब्द, मूर्तिशास्त्राच्या पुस्तकात किंवा जुन्या काव्यात भेटला तर भेटला, घरात कुणी म्हणत नाही. आता साखर घ्या आणि उष्णीष घ्या, दोन्ही तीन अक्षरांचे. तीन अक्षरं कशीही फिरवा, सहाच प्रकारे लावता येतात, म्हणजे मोजायला गेलं तर दोन्ही कोडी अगदी सारखी. पण एक चुटकीसरशी सुटतं आणि दुसऱ्याचे सहाच्या सहा प्रकार कागदावर लिहून काढले तरी सुटत नाही, कारण सहातला खरा कुठला हेच कळत नाही. तुम्ही त्या कोड्यात हरलात असं मी म्हणणार नाही सर, तुम्हाला खेळायलाच दिलं नाही त्यांनी.

मी गेली २२ वर्षं कोडी बनवतेय, आधी पेपरांसाठी, मग दिवाळी अंकांसाठी, मधे थोडे दिवस टीव्हीसाठी पण. माझं माप एकच आहे, उत्तर कळल्यावर घरातला माणूस कपाळावर हात मारून 'अरेच्चा, हे तर माहीत होतं की!' म्हणाला पाहिजे. शब्द ओळखीचा पाहिजे आणि तिथपर्यंत जायची वाट वाकडी पाहिजे. आपल्या आज्या हे बरोबर जाणून होत्या. 'बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे', ओळखा काय. उत्तर दात आणि जीभ, म्हणजे ज्या तोंडानं कोडं विचारलं त्याच तोंडात उत्तर, तरी लहानपणी पहिल्यांदा ऐकल्यावर मी अख्खी दुपार घालवली होती त्याच्यात. 'पाटीलबुवा रामराम, दाढीमिशा लांब लांब', हे कणीस. यातला एक तरी शब्द डिक्शनरीत शोधावा लागतो का? नाही लागत.

तुमच्या साखरेबद्दल पण बोलते, कारण ते कोडं सुद्धा मला फसलेलंच वाटतं. सा, ख, र ही अक्षरं कशीही टाका, डोळा सरळ साखरेवर जातो, अडायला काही नाहीच. पण तीनच अक्षरांत चांगलं कोडं पण होतं, हे बघा: ऊ, स, पा. मागच्या आठवड्यात आई मेथी निवडत बसली होती तेव्हा मी ही तीन अक्षरं मोठ्यानं म्हणाले. आईचं लगेच, "ऊस... ऊस पा? ऊस पाहिजे का तुला?" मग हात थांबला, एक काडी तशीच बोटात, ओठ हलतायत, ऊस पा, पा ऊस, आणि एकदम हसली, "अगं पाऊस!" वीस सेकंद लागले असतील. शब्द पाऊस, ज्याची वाट बघत आपण जून काढतो, आणि तरी वीस सेकंद, कारण समोर ऊस उभा केला की डोळा त्याला सोडतच नाही, आणि सांगली जिल्ह्यातला माणूस तर मुळीच सोडणार नाही. शिवाय ऊ सारखा सुटा स्वर दिसला की आपल्याला वाटतं हा शब्दाच्या सुरुवातीलाच असणार, आणि पाऊस, देऊळ, वसई हे थोडे शब्द असे की स्वर मधे किंवा शेवटी येतो. अवघडपणा असा घालायचा असतो.

अवघड शब्द शोधायला काही लागत नाही हो, जाडा शब्दकोश घ्या, मधलं कुठलंही पान उघडा, दहा मिनिटांत दहा उष्णीष मिळतील. सोप्या शब्दाला वाकडी वाट करून द्यायला मात्र एकेका शब्दामागे अर्धा अर्धा तास जातो. चॅनलला रोजचे एपिसोड भरायचे असतात, वेळ नसतो, मग शब्दकोश उघडला जातो. हे मी आत राहून बघितलंय म्हणून सांगतेय.

वर्डल नावाचा खेळ २०२१ च्या शेवटी सगळीकडे पसरला होता, आठवत असेल, पाच अक्षरी इंग्लिश शब्द सहा प्रयत्नांत ओळखायचा. जॉश वॉर्डलनं तो बनवला तेव्हा इंग्लिशमधले पाच अक्षरी शब्द जवळपास १२,००० निघाले. त्याची जोडीदार पलक शाह हिनं ते गाळत गाळत साधारण २,५०० वर आणले, तिला ओळखीचे वाटले तेवढेच उत्तरं म्हणून ठेवले. बाकीचे खेळणाऱ्यानं अंदाज म्हणून टाकले तर चालायचे, पण उत्तर म्हणून येणार नाहीत. मला हे फार आवडलं. लोकांनी विचित्र शब्द वापरला तर वापरू दे, आपण मात्र तो त्यांच्यावर टाकायचा नाही.

प्रश्न: मी पुण्याची, आयटीत आहे. माझं म्हणणं उलटं आहे. कोडी ठीक असतात हो, स्पर्धकच मठ्ठ निवडतात. घरी बसून आम्हाला पाच सेकंदात येतं ते यांना तिथं उभं राहून येत नाही. ऑडिशन कडक का घेत नाहीत?

असं नका म्हणू, खरंच नका म्हणू. अमेरिकेत व्हील ऑफ फॉर्च्यून नावाचा शो १९७५ पासून चालू आहे, मोठ्या फळ्यावर एखादं वाक्य किंवा वाक्प्रचार, अक्षरं झाकलेली, चाक फिरवायचं, एकेक अक्षर सांगत फळा उघडत जायचा. मार्च २०२२ मधे तिथं एक कोडं आलं, 'अनदर फेदर इन युअर कॅप', म्हणजे आपल्याकडं 'शिरपेचात आणखी एक तुरा' म्हणतात तसंच. फळा जवळजवळ पूर्ण उघडलेला, शेवटच्या तीन अक्षरी शब्दात मधलं 'ए' दिसतंय, पुढचं मागचं अक्षर झाकलेलं. पहिल्यानं सांगितलं 'हॅट'. चूक. मग कुणी 'लॅप', कुणी 'मॅप'. तिघं उभे, पाळी फिरतेय फिरतेय आणि बराच वेळ उत्तर कुणालाच येत नाही. दुसऱ्या दिवशी ती क्लिप जगभर फिरली, लोकांनी त्या तिघांना काय काय म्हणून घेतलं. शेवटी शोचे तेव्हाचे होस्ट पॅट सेजॅक यांनी स्वतः ट्विटरवर लिहून त्यांची बाजू घेतली, की घरी बसून बघताना जे सोपं वाटतं ते टीव्हीवर उभं राहून खेळताना तसं राहत नाही.

आता तुम्ही स्वतःवर घेऊन बघा. 'शिरपेचात तुरा' हा वाक्प्रचार तुम्हाला माहीत आहे, पण समजा तुमच्या तोंडून पहिल्यांदा 'मुकुटात तुरा' निघालं आणि बझर वाजला. एकदा चुकीचा शब्द डोक्यात बसला की तो बाजूला करायला शांतता लागते, आणि स्टुडिओत शांतताच मिळत नाही. डोळ्यावर लाइट, एसी इतका की हात गार पडलेले, समोर फ्लोअर मॅनेजर बोटांनी सेकंद मोजतोय, बाजूच्या स्पर्धकाचा हात बझरवर, आणि आपण चुकलो तर गावाकडं काय म्हणतील हे डोक्यात. तुम्ही घरी सोफ्यावर पाय वर घेऊन, हातात चहा, चुकलात तर कुणाला कळत पण नाही.

म्हणून मी चॅनलच्या टीमला नेहमी सांगायचे की ऑफिसात बसून कोडं तीस सेकंदात सुटलं तर सेटवर त्याला मिनीट लागणार असं धरा. कोडं घरच्या माणसाच्या अंगानं मोजायचं आणि वेळ स्पर्धकाच्या अंगानं. घरच्या प्रेक्षकाला स्पर्धकाच्या आधी दोन सेकंद उत्तर आलं तर त्याला जो आनंद होतो ना, 'सांग की गं, सांग की' म्हणून तो टीव्हीवर ओरडतो, तो आनंद म्हणजेच हा कार्यक्रम. तुम्हाला पाच सेकंदात आलं ते कोड्याचं यश आहे, त्या स्पर्धकाचा काही दोष नाही त्यात.

प्रश्न: बक्षिसाची रक्कम वाढली की कोडं पण तेवढं अवघड व्हायला पाहिजे ना? (नागपूर)

व्हायला पाहिजे, पण शब्द बदलून नाही. त्याच व्हील ऑफ फॉर्च्यूनमधे शेवटच्या बोनस फेरीत पूर्वी स्पर्धकानं पाच व्यंजनं आणि एक स्वर स्वतः निवडायचा. काही वर्षांत सगळे जण डोळे झाकून आर, एस, टी, एल, एन आणि ई हेच मागायला लागले, कारण इंग्लिशमधे हीच जास्त येतात. मग १९८८ मधे शोनं काय केलं, ही सहा अक्षरं सगळ्यांना फुकटच देऊन टाकली आणि वर आणखी तीन व्यंजनं, एक स्वर निवडा म्हणाले, आणि वेळ १५ सेकंदांवरून १० वर आणला. शब्द लोकांच्या ओळखीचेच राहिले, फक्त ती सहा अक्षरं कमी असलेले शब्द निवडायला लागले, म्हणजे फुकटात फळा फारसा उघडायचा नाही. कोडं कडक झालं आणि अन्याय पण नाही झाला. आपल्याकडं मोठं बक्षीस म्हटलं की लगेच संस्कृत, हे मला पटत नाही.

प्रश्न: ताई, मी इंग्लंडमधे लेस्टरला असते, लग्न होऊन १६ वर्षं झाली. माझ्या सासूबाईंना इंग्लिश बेताचंच येतं पण दुपारी चहाबरोबर 'काउंटडाउन' बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही, वहीत शब्द लिहीत बसतात, तीन अक्षरी, चार अक्षरी, आणि कधी पाच अक्षरी सापडला तर मला फोन करतात ऑफिसात. हा खेळ मराठीत का नाही होऊ शकत?

तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांची ती वही जपून ठेवा.

काउंटडाउन आहेच तसा. २ नोव्हेंबर १९८२ ला ब्रिटनचं चॅनल फोर सुरू झालं तेव्हा त्यावरचा पहिला कार्यक्रम हाच होता, आणि मुळात तो फ्रान्सच्या १९६५ पासूनच्या एका खेळावरून घेतलेला. तुम्ही रोज बघता पण इथल्या वाचकांसाठी सांगते, स्पर्धक स्वर की व्यंजन एवढंच सांगतो, पाटीवर एकेक करत नऊ अक्षरं लागतात, तीस सेकंदांचं घड्याळ, आणि त्यातून मोठ्यात मोठा शब्द बनवायचा. जितकी अक्षरं तितके गुण, नऊच्या नऊ वापरली तर १८. आकड्यांच्या फेऱ्या असतात, आणि शेवटी नऊ अक्षरांचा एक विस्कटलेला शब्द, जो आधी बझर दाबून ओळखेल त्याला १० गुण. तो विस्कटताना पण मुद्दाम असा मांडतात की भलतेच शब्द दिसावेत, आपल्या ऊस पा सारखं.

मला या खेळातलं काय आवडतं सांगू का, यात 'किती अवघड' हा प्रश्न जवळजवळ मिटतोच. त्याच नऊ अक्षरांत सासूबाईंना चार अक्षरी सापडतो, तुम्हाला सहा, चॅम्पियनला आठ, आणि कुणाचीच पाटी कोरी राहत नाही. सांगलीच्या सरांचा नातू इथं उठून गेला नसता. एकाच पंगतीत ज्याला जेवढं पचेल तेवढं वाढून घ्या, असं आहे ते.

मराठीत मात्र तो जसाच्या तसा उचलून चालत नाही, मी करून बघितलंय म्हणून सांगते. इंग्लिशची अक्षरं २६, सुटी सुटी, नऊ अक्षरं म्हणजे ३,६२,८८० प्रकारे लावता येतात. आपण शब्दकोडं सोडवताना एका चौकोनात एक अक्षर लिहितो ते काना-मात्रा-वेलांटीसकट, 'को' हा एक चौकोन, 'श्व' हा पण एकच चौकोन. त्यामुळं आपले शब्द चार-पाच चौकोनातच संपतात. चार अक्षरं म्हणजे फक्त २४ प्रकार. आणि जोडाक्षर आलं की ते चुगलीच करतं. र, ळे, म, श्व, ब, हा टाकून बघा, ळे आणि श्व एकत्र दिसले की महाबळेश्वर सोडून दुसरं काय असणार.

ऱ्हस्व-दीर्घ पण असंच चुगली करतं. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, 'आणि', 'परंतु' असे थोडे शब्द सोडले तर, म्हणजे पाटीवर ऱ्हस्व 'वि' दिसला की खेळणाऱ्याला कळतं हे शेवटचं अक्षर नाही, आणि 'डी' दिसला की तो आधी शेवटी ठेवून बघतो. शुद्धलेखन येणाऱ्याला ही मोठी मदत आहे. चांगलीच गोष्ट आहे, पण कोडं बनवणाऱ्याला हे माहीत पाहिजे.

मग मात्रा काढून टाकल्या तर? ब्रिटनमधेच 'ओन्ली कनेक्ट' नावाचा बीबीसीचा क्विझ आहे, २००८ पासूनचा, बऱ्यापैकी कडक, त्याच्या शेवटच्या फेरीत शब्दातले स्वर गाळून उरलेली व्यंजनं भलतीकडंच तोडून दाखवतात, विषय मात्र आधी सांगतात. ते मराठीत फार गोड चालतं. म स ळ प व, म्हणजे मिसळपाव. श न व र व ड, शनिवारवाडा. प र ण प ळ हे तर जेवणाच्या वासानंच सुटतं. पण आपल्या व्यंजनात 'अ' आधीच बसलेला आहे ना, त्यामुळं सरबत, गडबड, फलटण, उरण हे शब्द मात्रा काढल्या तरी जसेच्या तसे राहतात. आम्ही लहानपणी एसटीत बसलो की काना-मात्रा नसलेली गावं कोण जास्त सांगतो हा खेळ खेळायचो, ती सगळी गावं या फेरीतून बाद. आणि न ग र असं दिसलं तर ते नगर, नांगर, नगारा, नागर, काहीही असू शकतं. म्हणून विषय सांगितल्याशिवाय ही फेरी घालूच नये. 'शेतातली वस्तू' एवढं सांगा, लगेच नांगर.

माझ्या मनातला मराठी खेळ यातूनच सुचला. पाटीवर नुसती आठ व्यंजनं काढायची आणि मात्रा ज्यानं त्यानं आपल्या पदरच्या लावायच्या. न, ग, र यातूनच रान, राग, रंग, गार, नगर, नगारा निघतात, आठ व्यंजनांत सासूबाईंची वही एका फेरीत भरेल. फक्त दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतील. एक म्हणजे विभक्ती चालणार की नाही. घर चालेल, पण घरी, घरात, घराला, घरापासून? हे सगळं चालू दिलं तर जो तो शब्दाला शेपटं लावत बसेल, मी तरी मूळ शब्दच धरीन. दुसरं म्हणजे पंच कोण. काउंटडाउनमधे शब्दकोशाचा माणूस कोपऱ्यात बसलेला असतो, सूझी डेंट १९९२ पासून ते काम करतायत आणि त्या शब्दाची जन्मकथा सांगायला लागल्या की लोक स्कोअर विसरतात. आपल्याकडं मोल्सवर्थचा १८३१ चा कोश आहे, दाते-कर्व्यांचा सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, साहित्य कमी नाही. तो उघडून प्रेमानं बोलणारा माणूस तेवढा बसवायला पाहिजे.

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही देवगड तालुक्यातली पोरं. यंदा गणपतीत मंडळात टीव्हीसारखा शब्दांचा क्विझ घ्यायचा विचार आहे, प्रोजेक्टर आहे, बझर एका दादानं बनवून दिलेत. ४० शब्द काढायचेत. कसे काढू? लोक हसले नाही पाहिजेत आणि कंटाळले पण नाही पाहिजेत.

तुम्ही देवगडचे म्हणून आधी एक झालेली गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी एका वाहिनीच्या शोसाठी मी कोडी लिहीत होते. रेकॉर्डिंगच्या दिवशी स्क्रीनवर आलं ट, पा, क. सिंधुदुर्गातला एक मुलगा होता, कॉलेजचा, अंगावर नवा कोरा शर्ट, घडी पण मोडली नव्हती अजून. त्यानं सगळ्यांच्या आधी बझर मारला आणि ठामपणे म्हणाला, "पाकट." अँकरनं कार्ड बघितलं, कार्डावर 'कपाट', ती म्हणाली चूक. बाजूच्या बाईंनी कपाट सांगून गुण घेतले. मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, पाकट मासा असतो." कुणी ऐकलं नाही. मी मॉनिटरच्या मागं बसले होते आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण ती चूक त्याची नव्हती, माझी होती. पाकट मला माहीत होता, चपटा, लांब शेपटीचा, बाजारात कितीदा बघितलेला, पण घरात बसून कोडं लिहिताना डोक्यात फक्त कपाट होतं. मी जाऊन सांगितलं, शूटिंग थांबवलं, तेवढा भाग परत घेतला, त्याला गुण दिले. पण पुढच्या दोन फेऱ्या त्या मुलाचा हात बझरवर गेलाच नाही. तो हात मला अजून दिसतो.

तेव्हा पहिलं काम हेच, प्रत्येक शब्दाची अक्षरं सगळ्या बाजूंनी फिरवून बघा की दुसरा शब्द तर होत नाही ना. तीन अक्षरांचे सहा प्रकार, चार अक्षरांचे चोवीस, लिहून काढायचे, कंटाळा करायचा नाही. कविताचं विकता होतं, सरबतचं बरसत होतं, नदीचं दीन होतं. असे शब्द शक्यतो घेऊ नका, घेतलेत तर दोन्ही उत्तरं कार्डावर लिहा, आणि तरी कुणी तिसरं काढलं तर थांबून विचारा, बाबा याचा अर्थ सांग. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला पंच म्हणून बसवा, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त शब्द येतात.

मग शब्द निवडताना मालवणीतले आणि पुस्तकातले मिसळू नका. फेरीच वेगळी ठेवा, ही मालवणी फेरी म्हणून, मुंबईहून गणपतीला आलेले चाकरमानी पण त्यात रमतील. अक्षरं मांडताना आधी बघा की चुकीचा शब्द कुठला दिसू शकतो, आणि तो मुद्दाम समोर आणा. तुमच्यासाठी एक देऊन ठेवते: पं, डा, ल, व. गणपतीचे दिवस, समोर सजावट, पब्लिक 'पंडाल, पंडाल' म्हणत बसेल आणि व कुठं घालायचा कळणार नाही. उत्तर लपंडाव. समोरच्या रांगेतली पोरं मांडवाच्या खांबाआड तोच खेळत असतील तेव्हा.

सुरुवातीचे तीन-चार अगदी हातचे ठेवा, ते प्रेक्षकांसाठी नसतात, स्पर्धकाचा आवाज सुटावा म्हणून असतात. मधे पाऊस, लपंडाव असे. अगदी अवघड वाटतील त्याला विषय सांगा, पदार्थ, गाव, अवजार, काहीतरी धरायला द्या. वीस सेकंद झाले आणि कुणालाच येत नाहीये असं दिसलं तर पहिलं अक्षर उघडा, तसंच ताणत ठेवू नका, मांडवातली माणसं चुळबुळ करायला लागली की गेलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चाळीसच्या चाळीस शब्द आधी घरातल्या तिघांवर घालून बघा, एक शाळेतलं पोर, एक तुमच्या वयाचं आणि एक आजी. तिघांनाही पाच सेकंदात आलं तर काढून टाका. तिघांनाही आलं नाही, आणि उत्तर सांगितल्यावर आजी म्हणाली 'ह्या काय आणि?' तर ते पण काढून टाका. आजीनं कपाळावर हात मारला तर ठेवा.

यादी झाली की मला पाठवा, मासिकाच्या पत्त्यावर पाठवली तरी पोचेल. आषाढात आईला भाजी निवडायला पुष्कळ असते, मी एकेक शब्द वाचून दाखवते तिला, आणि कुठं तिचा हात थांबला, कुठं नाही, ते प्रत्येक शब्दापुढं लिहून तुम्हाला परत धाडते.